गडगा, वई आणि चार कोंबड्या

कोंबड्या पाळायच्या असे ठरवायला पाच मिनिटे पुरतात. त्या कोठे पाळायच्या हे ठरवायला घेतले, की मात्र घराची सारी घटना कलमवार पुन्हा लिहायला बसावे लागते. परसावर हक्क कोणाचा, पहाटेची झोप हा मूलभूत अधिकार आहे की नाही, शेजाऱ्याच्या नाकाला आपल्या घरच्या कारभारात मत असावे की नसावे, हे प्रश्न वीस वर्षांत ज्या घरात कोणी काढलेले नसतात, त्या घरात चार कोंबड्या येऊ घातल्या की ते एकाच संध्याकाळी चहाबरोबर टेबलावर येतात.

एरवी या सदरात मी शब्दांविषयी लिहिते, हे आपणांस ठाऊक आहे. दिवाळी अंकासाठी संपादक म्हणाले, "यंदा जरा घरगुती येऊ द्या." तेव्हा यंदा घरगुती. शब्द त्यात येतीलच; कारण कोंबडी एकटी कधी येत नाही. तलंग, खुडूक, रवण, खुराडे, डालगे असा आपला सगळा गोतावळा घेऊन येते.

आमच्या सासूबाई गुहागरकडच्या. सासरे गेल्यावर दोन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे साताऱ्याला राहायला आल्या. येताना देवांचा डबा आणि कपड्यांची एक बॅग आणली; गावच्या कोंबड्या शेजारणीच्या हवाली करून आल्या. इथे आल्यापासून त्यांनी काही म्हणून मागितले नाही. "आई, तुम्हांला काय हवं?" असे विचारले, की ठरलेले उत्तर, "मला काय गो हवं असायचं?" पहाटे चारला उठायची सवय; पण इथे उठून करायचे काय? दिवा न लावता पलंगावर बसून राहत. आणि दोन वर्षे झाली तरी बोलताना "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?", "तुमच्या फाटकाची कडी करकरते" असे म्हणत. आपलेपणाला कोठे काही कमी होते असे नाही. पण सर्वनाम मात्र द्वितीय पुरुषी. मी मराठी शिकवते. असली सर्वनामे मला ऐकू येतात, आणि एकदा ऐकू आली की ती कानांतून जात नाहीत.

मार्च महिन्यात एकदा मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "चार कोंबड्या असत्या, तर एवढे देठ वाया नसते गेले." मी चमकले. वाक्य संकेतार्थी होते. पण दोन वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेली ही पहिली इच्छा होती. संकेतार्थाच्या पदराआड उभी असलेली इच्छा व्याकरण शिकवणाऱ्या बाईला ओळखता आली नाही, तर तिचे व्याकरण काय कामाचे? त्याच रात्री जेवताना मी विषय काढला.

आमचे हे बँकेत आहेत. त्यांनी पहिला प्रश्न खर्चाचा केला आणि उत्तरही स्वतःच दिले. "एक डालगं आणू. रात्री झाकायचं, दिवसा सोडायच्या. गावाला काय वेगळं होतं?"

सासूबाई हसल्या. "गावाला गडगा होता रे," म्हणाल्या.

मग त्यांनी आम्हांला समजावून दिले. कोकणात घराच्या आवाराभोवती जांभ्या दगडांचा रचलेला गडगा असतो, तो गुरांसाठी. परसातल्या भाजीच्या वाफ्याला काठ्याकाटक्यांची वई घालतात, ती कोंबड्यांसाठी. वईतून आत जायला लहानसे बेडे. कोंबडीला मात्र कुंपण नाही. ती दिवसभर आवारात, काजूखाली, शेणकीच्या कडेने चरत हिंडते आणि दिवे लागायच्या आत आपली आपण खुराड्यात येते. म्हणजे गावात कुंपण असते ते भाजीला, आणि कोंबडी मोकळी. शहरात हेच उलटे करावे लागते. आमचे परस जेमतेम तीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद. त्याच्या एका अंगाला शेजारच्या काकांच्या कुंड्या, दुसऱ्या अंगाला रस्ता आणि रस्त्यावर मोटारसायकली. इथे जग मोकळे सोडून कोंबडीलाच कुंपण घालणे भाग.

आमची लेक बारावीत आहे. तिने आलेखाचा कागद काढला आणि आजीला समोर बसवून नकाशा सुरू केला. वाचकांपैकी कोणाच्या मनात असाच बेत असेल, तर त्यांच्या सोयीसाठी त्या कागदावरची मापे येथे देते.

रात्री निजायच्या खुराड्यात एका कोंबडीला चार चौरस फूट जागा धरावी. दिवसा हिंडायच्या जाळीबंद आवारात एकीला निदान दहा चौरस फूट. व्यापारी कुक्कुटपालनात याहून पुष्कळ कमी जागेत भागवतात. पण ते गणित निराळे आणि तिथल्या कोंबडीला विचारतो कोण? आपल्या चौघींसाठी चार फूट बाय चार फूट खुराडे आणि चाळीस चौरस फूट आवार लागते. आम्ही आवार दहा बाय पाच म्हणजे पन्नास धरले. खुराड्याची जमीन मातीपासून दीड-दोन फूट उंच हवी, म्हणजे ओल वर चढत नाही आणि उंदरांना खाली बिऱ्हाड थाटता येत नाही. आत बसायला आडवी दांडी. एकीला आठ ते दहा इंच, म्हणजे चौघींना चार फुटांची दांडी पुरते. अंडी घालायला फूटभर लांबी-रुंदी-उंचीचा अंधारा खण. चार-पाच जणींत एक खण चालतो. मात्र दांडी खणापेक्षा उंचावर हवी. कोंबडी सर्वांत उंच जागा बघून निजते. खण उंच असला तर ती त्यातच निजेल आणि सकाळी अंडे घाणीत सापडेल. हवा खेळायला झरोके दांडीच्या वरच्या अंगाला ठेवावेत, म्हणजे वारा अंगावर न येता डोक्यावरून जातो. आपल्याकडच्या उन्हाचा विचार करता लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवलेली बरी. साताऱ्याचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून ती बाजू पत्र्याने बंद करावी आणि छप्पर भिंतीपुढे दोन-तीन फूट काढावे.

"दोनच आणल्या तर जागा निम्मी लागेल," बँकेने सुचवले.

"आणि एक मेली तर दुसरीनं कोणाशी बोलायचं?" सासूबाई म्हणाल्या. त्यावर टेबलाभोवती कोणी काही बोलले नाही. चार हा आकडा मंजूर झाला.

आता कुंपणाची गोष्ट. कोंबडी आत राहावी म्हणून कुंपण घालतात असा शहरी माणसाचा समज असतो. वास्तविक ते बाहेरच्यांसाठी असते. सासूबाईंनी बाहेरच्यांची यादी बोटांवर मोजली. मुंगूस, बोका, कुत्रा, घूस, साप आणि वरून घार. पिल्ले असली तर कावळासुद्धा. जाळीच्या दुकानदाराने आधी ती नेहमीची षट्कोनी भोकांची पातळ जाळी उलगडून दाखवली आणि "हीच कोंबडीजाळी" म्हणून सांगितले. नाव कोंबडीजाळी खरे, पण तिच्यामुळे फक्त कोंबडी अडते. कुत्रा ती फाडतो, लहान उंदीर-घुशी तिच्या भोकांतून आत येतात. आम्ही अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डेड जाळी घेतली. ती महाग पडते. पण एका रात्री चारही कोंबड्या गमावण्यापेक्षा स्वस्त.

मुंगूस जाळी फाडत नाही, ते उकरते. त्याला उपाय दोन. एक म्हणजे जाळी फूटभर जमिनीत पुरायची. दुसरा सोपा. जाळीचा फूट-दीड फूट रुंद पट्टा कुंपणाच्या पायथ्याशी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरायचा, कुंपणाला तारेने बांधायचा आणि वर दगड ठेवायचे. मुंगूस येते ते नेमके कुंपणाच्या मुळाशी उकरते. पायांखाली जाळी लागली की कंटाळते. फूटभर मागे सरून तिथून भुयार खणावे, एवढी दूरदृष्टी त्याला नसते. पावसात त्या पट्ट्यातून गवत उगवते आणि पट्टा दिसेनासा होतो. वरूनही जाळी हवीच. घारीसाठी हवी, बोक्यासाठी हवी. दाराला नुसती कडी नको. कडी आणि तिच्यात अडकवायचा आकडा, असे दोन अडसर हवेत.

मुंगसाचा बंदोबस्त झाला. राहिले शेजारचे काका. ते निवृत्त आहेत, शुद्ध शाकाहारी आहेत आणि त्यांची झोप सावध आहे. त्यांना नकाशा कळायच्या आत आपण जाऊन सांगावे, असे माझे मत पडले. सोसायटीची आणि नगरपालिकेची विचारपूस आधी झालीच होती. पण काकांची परवानगी कोणत्याच कार्यालयात मिळत नाही. मी नकाशा घेऊन गेले.

काकांनी चष्मा लावून तो वाचला आणि तीन हरकती मांडल्या. पहिली, पहाटे आरवणे. मी सांगितले, कोंबडा आणायचाच नाही. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडे देते. त्यातून पिल्लू होत नाही एवढेच. कोंबडी अंडे घातल्यावर थोडा गवगवा करते खरी, पण तो दिवसा. "म्हणजे मुंज-लग्नासारखा," काका म्हणाले, आणि पहिली हरकत निकालात निघाली. दुसरी वासाची. वास कोंबडीचा नसतो, ओलीचा असतो. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा चार-पाच इंच अंथरला, तो वरचेवर हलवला, ओला झालेला भाग लगेच काढला, तर वास येत नाही. तिसरी हरकत रोगाची. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला होता. भारतातली ती पहिली साथ, आणि मोठ्या फार्मांबरोबर घरोघरच्या कोंबड्याही तेव्हा माराव्या लागल्या होत्या. काकांना ते तारखेनिशी आठवत होते. ही हरकत हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. म्हणून दाणापाण्याची जागा छपराखाली घेतली, म्हणजे रानपाखरांची विष्ठा त्यात पडत नाही. शिवाय मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्यायची, आणि एकाएकी कोंबड्या मरू लागल्या तर लपवून न ठेवता तिथेच कळवायचे. हे सगळे नकाशाच्या पाठीमागे लिहून मी काकांसमोर खाली सही केली. जाताजाता काकांनी हळूच विचारले, "खत किती निघेल हो?" गुलाबाला कोंबडीखत चांगले असते, मात्र ते काही महिने कुजू द्यावे, ताजे घातले तर मुळे जळतात. अर्धे खत काकांच्या कुंड्यांना, असे ठरले.

गुलाबावरून आठवले. खरा पेच पुढेच होता.

परसाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, सासूबाईंच्या खिडकीसमोर, माझा अकरा गुलाबांचा वाफा होता. तेरा वर्षे जोपासलेला. लेकीने सगळ्या परसाचा उतार पाहिला, ऊन पाहिले, वारा पाहिला, आणि पेन्सिलीने निर्विकारपणे चौकोन काढला तो नेमका त्या वाफ्यावर. सकाळचे ऊन तिथे, दुपारी शेवग्याची सावली तिथे, जमीन उंच असल्याने पाणी साचत नाही, आणि काकांच्या निजायच्या खोलीपासून सर्वांत दूर. चूक काढावी म्हटले तर एक सापडेना.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले मात्र. "तिथे नको गो," त्या म्हणाल्या. "नळाजवळ चालेल."

नळाजवळ जून ते सप्टेंबर घोटाभर चिखल असतो. चिखलात कोंबडीचे पाय बिघडतात, तूस कुजते, रोग येतो. हे आमच्या घरात त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नव्हते. म्हणजे "नळाजवळ चालेल" याचा अर्थ "राहू दे" असा होता. दोन वर्षांनी उघडलेले दार त्या स्वतःच हलक्या हाताने लोटून घेत होत्या.

खोटे कशाला सांगू, मला ते चार दिवस जड गेले. तेरा वर्षांचा वाफा म्हणजे नुसती झाडे नसतात. परीक्षेचे गठ्ठे तपासून डोके उठले, की मी तिथे जाऊन उभी राहत असे. घरात माझी अशी तेवढीच जागा. पण त्याच विचारात ध्यानात आले, की माझी म्हणून एक तरी जागा आहे. सासूबाईंना पलंग आहे, कपाटाचा खण आहे, जेवणाच्या टेबलाशी खुर्ची आहे. जाऊन उभे राहावे आणि कोणी "काय करता?" म्हणून विचारू नये, अशी जागा मात्र नाही. पाचव्या दिवशी मी माळ्याला बोलावले. जूनच्या पहिल्या पावसानंतर झाडे छाटून, मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट पुढच्या अंगणात हलवली. अकरांतली नऊ जगली. सासूबाईंना मी एवढेच सांगितले, "आई, गुलाबांना पुढे जास्त ऊन मिळेल." त्याही एवढेच म्हणाल्या, "मिळेल हो."

शेवटची दुरुस्ती उंचीची. जाळी वाचावी म्हणून बँकेने आवाराची उंची तीन फूट सुचवली होती. कोंबडीला तीन फूट पुष्कळ झाले. वरून जाळी असली की ती उडूनही जात नाही. पण रोज आत जायचे कोणी? सासूबाईंचे गुडघे दुखतात; त्यांना वाकून आत शिरणे जमायचे नाही. मी त्यांना दाराच्या चौकटीशी उभे केले आणि लहान मुलांची उंची मोजतात तशी पेन्सिलीने खूण केली. चार फूट दहा इंच. आवार सहा फूट उंच झाले. दार घमेले घेऊन जाता येईल असे अडीच फूट रुंद, आत उघडणारे, म्हणजे कोंबड्यांची झुंबड दार ढकलून बाहेर पडत नाही. उंबरठा ठेवला नाही, ठेच लागते. कडी छातीच्या उंचीवर. आणि आत, शेवग्याच्या सावलीच्या बाजूला, बसायला एक सपाट दगड. पुस्तके कोंबडीचे माप देतात. कोंबडी राखणारीचे माप घरच्यांनी घ्यायचे असते. या सगळ्या खटाटोपात सांगण्याजोगे काही असेल, तर ते एवढेच आहे.

आषाढात चार गावठी तलंगा आल्या. घरात आता त्यांच्यावरच बोलणे चालते. कुक्कुटसमाजात टोचण्याची उतरंड असते. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि शेवटची सर्वांचे खाते. थोरलेफ श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९२१ साली कोंबड्यांच्या निरीक्षणावरून ही गोष्ट शास्त्रात मांडली. मी हे सासूबाईंना मोठ्या हौसेने सांगितले. "एवढ्यासाठी पुस्तक कशाला लिहायला हवं?" त्या म्हणाल्या, "चार सुनांचं घर नाही का पाहिलेलं त्यानं?" आणि उत्तर म्हणून दाण्याचे दुसरे भांडे त्यांनी पलीकडच्या कोपऱ्यात मांडले, म्हणजे चौथीलाही पोटभर मिळते. शास्त्रज्ञही हेच सांगतात. जागा अपुरी असली आणि भांडे एकच असले, की टोचाटोची वाढते. आमच्या प्राध्यापक-कक्षात चहाची किटली एकच आहे. पण तो विषय वेगळ्या लेखाचा.

श्रावण गेला, भाद्रपद गेला. पावसात आवाराची जमीन भिजली, पण चिखल झाला नाही. पहिले अंडे नवरात्र संपल्यावर मिळाले. ते कोणी खायचे यावर मुलांत वाद झाला, तेव्हा त्याचे पोळे करून त्याचे पाच भाग करावे लागले. सासूबाई अजून पहाटे चारलाच उठतात. आता मात्र दिवा लावतात.

परवा त्या गावच्या शेजारणीशी फोनवर बोलत होत्या. माझ्या हातात या लेखाचे कागद होते, आणि खोलीचे दार उघडे होते. "अगो, तुमचं बरं आहे," त्या तिला सांगत होत्या, "आमच्या परसात मुंगसाचा फार उपद्रव. परवा दुपारी येऊन जाळीशी चांगलं वीतभर उकरून गेलं मेलं. पण आमचं कुंपण पक्कं आहे हो!"

आमच्या परसात. आमचं कुंपण. मी आत न जाता तशीच परतले आणि टेबलाशी येऊन बसले. उपद्रवाची तक्रार इतक्या समाधानाने केलेली मी कधी ऐकली नव्हती. मुंगसाचे मात्र आभार मानायचे राहून गेले आहेत.